मोठ्या वहिनीचा कामाचा गाल

मोठी वहिनी दुकानात येताना पावडर लावायची ती एकाच गालाला, उजव्या. डावा गाल कामाचा होता. गाडीचा इंटरकूलर दुरुस्तीला आला की ती त्याची दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद करून आत हवा भरायची, डावा गाल पाण्याने ओला करायची आणि ती अॅल्युमिनियमची जाळी उचलून गालाजवळून हळूहळू फिरवायची. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून हवा आली तरी ओल्या कातडीला गार लागते. लागली की डोळे मिटून म्हणायची, "हाय. इथं हाय." मग तिथे खडूने गोल काढायची. त्यानंतर आम्ही बाकीचे तोच इंटरकूलर टाकीच्या पाण्यात बुडवायचो आणि तिच्या गोलातून बुडबुडे वर येताना बघायचो. मला ते बुडबुडे बघायला कधी आवडले नाहीत.

वसईजवळच्या पापडीला आमच्या सासऱ्यांचं, आप्पांचं, रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तांब्या-पितळेचे रेडिएटर यायचे. गळतीवर कथलाचा डाग दिला की काम झालं. पुढे टर्बोच्या डिझेल गाड्या वाढल्या. टर्बो हवा दाबून इंजिनात पाठवतो, दाबलेली हवा तापते, तिला वाटेत थंड करतो तो इंटरकूलर. त्याचा वेल्डिंगचा जोड गळला की चांगली गाडी चढावर दमते आणि मागे काळा धूर सोडते. अॅल्युमिनियमवर जुना डाग धरत नाही, म्हणून आप्पांनी आर्गन वेल्डिंगचं मशीन आणलं. वेल्डिंग माझा नवरा सुहास करायचा. मोठे दीर गाडीतून माल काढायचे आणि परत बसवायचे. मी गल्ल्यावर. वहिनी टाकीपाशी. दुकान आप्पांचं होतं, पण वहिनीने मान हलवल्याशिवाय एकही इंटरकूलर बाहेर जात नसे. हा मान मला हवा होता. गल्ल्यावर बसून मी सगळ्यांशी बोलत असे, पण गिऱ्हाइकाची नजर माझ्या डोक्यावरून टाकीकडे जायची.

वहिनी मिठागरांकडच्या गावातली. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे, ते तिनेच मोडून काढलं. "अहो काय करतेस? मी काय बँकेची साहेब हाय? वयनी म्हन, तू म्हन." बोलणं मोठं आणि फुशारकी त्याहून मोठी. दुकानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "माझ्या हातचं काम परत आलं नाय कधी." आलं होतं. एक पापडीच्याच डॉक्टरांच्या गाडीचं, एक कळंबच्या कॉटेजवाल्याचं. दोन्ही मला चांगली आठवतात. तिला आठवण करून दिली की ती म्हणायची, "ती काय माझी चूक? ती गाडीच रडकी." आणि गिऱ्हाईक हसायचं. मी तेच वाक्य बोलले असते तर गिऱ्हाइकाने गाडी वळवली असती.

सुहासला कायम घाई. वहिनी त्याला घाई करू देत नसे. टर्बोतून थोडंफार तेल इंटरकूलरमध्ये उतरतंच. ते आत राहिलं तर वेल्डिंग करताना वर येतं आणि जोडात बारीक भोकं राहतात. म्हणून गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून ती इंटरकूलर खळबळून धुवायची, आतल्या पाण्याचा वास घ्यायची आणि पुन्हा धुवायची. सुहास मशीन चालू करून उभा. "वयनी, बास की आता. बारशाची अंघोळ चाललीय का?"

"तुझ्या बारशाला मी नव्हते म्हनून तू असा राह्यलास," ती म्हणायची.

तो हसायचा. घरी मी त्याला घाई करू नकोस म्हटलं तर तो जेवणावरून उठायचा.

तिचं एक बोलणं तो पुढे स्वतःचं म्हणून सांगायला लागला. "जोड नाय फुटत. जोडाच्या शेजारचं फुटतं." खरं आहे. वेल्डिंगच्या आचेने बाजूचा पत्रा नरम पडतो आणि गाडीचे हादरे खाऊन तिथेच तडा जातो. म्हणून जोड कितीही देखणा दिसला तरी ती त्याच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवायची. त्या बोटाकडे सुहास जसा बघायचा, तसा माझ्या कुठल्याच कामाकडे बघत नसे. दोघांत काही वेडंवाकडं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यामुळे तर भांडायलाही कारण नव्हतं.

एकदा दुकानात कोणी नाही असं बघून मी स्वतःचा गाल ओला केला आणि एक इंटरकूलर उचलून फिरवला. काही लागलं नाही. काजळी मात्र लागली. वहिनी नेमकी चहा घेऊन आली. मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत घरभर हसं होणार. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अगो, श्वास रोखून धर. आपलाच श्वास गालाला लागतो, मंग गळती कशी कळंल?" मी श्वास रोखला, तिने माझं कोपर धरून जाळी फिरवली आणि खरंच एका जागी गार लागलं. "बघ, येतंय की तुला," असं म्हणून तिने चहा पुढे केला. ही विद्या तिने लपवून ठेवली असती, तर निदान तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

त्याच सुमारास आप्पांनी हायवेला दुसरा गाळा घेतला. तिथे नवं आर्गन मशीन, नवी टाकी आणि टर्बोच्या गाड्यांचंच काम. एक जोडपं पापडीला, एक हायवेला. आप्पा एवढंच म्हणाले, "ज्यांच्या कामावर भरवसा, ते हायवेला." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. तो गाळा मिळाला तर टाकीपाशी मी उभी राहणार होते, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेला माझ्या पलीकडे जायला जागा नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच निर्मळच्या फुलवाल्या काकांची गाडी आमच्या मागे लागली. काकांची फुलांची बाग. फुलं पोचवायला त्यांनी टर्बोची दणकट गाडी घेतली होती. इंटरकूलरच्या नळीचा जोड गळत होता. सुहासने वेल्डिंग केलं, गाडी गेली, पंधरवड्यात परत. पुन्हा जोडाला लागूनच गळती. पुन्हा वेल्डिंग. तिसऱ्यांदा काका आले तेव्हा आप्पा दुकानात बसले होते. वहिनी महिनाभर माहेरी गेली होती म्हणून आधीची दोन्ही कामं मीच तपासून बाहेर सोडली होती. पाण्यात एकही बुडबुडा नव्हता, शपथेवर सांगते.

"अॅल्युमिनियमच हलकं आहे," सुहास म्हणाला. मीही मान डोलावली.

वहिनी त्याच दिवशी परत आली होती. मोठे दीर रिवाजाप्रमाणे हात धुऊन गाडीवरचा हार काढायला गेले. काका रोज बागेतल्या झेंडूचा ताजा हार गाडीला घालत. देवाचा हार खाली ठेवायचा नाही, म्हणून आमच्याकडे गाडी आली की तो आधी उतरवून देवाच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला टांगायचा आणि काम झालं की वेल्डिंग करणाऱ्याने जसाच्या तसा परत बांधून द्यायचा, अशी आप्पांची शिस्त होती.

"थांबा," वहिनी म्हणाली. "हार काढून काय बघता? हारासकट बघा."

ती गाडीसमोर उकिडवी बसली. दोऱ्याने हार वाऱ्यावर तुटतो म्हणून काकांनी लोखंडी तार वापरली होती. ती पुढच्या जाळीतून आत नेऊन इंटरकूलरच्या नळीला, जोडाच्या अगदी शेजारी, वेढा देऊन पिळली होती. गाडी थरथरली की तार नरम अॅल्युमिनियमवर करवतीसारखी फिरत होती. दरवेळी आम्ही नळी दुरुस्त करत होतो, आणि दरवेळी सुहास भक्तिभावाने तीच तार पुन्हा घट्ट पिळून देत होता.

"काका," वहिनी म्हणाली, "देवाने सांगितलंय काय, माझा हार नळीलाच बांध म्हनून?"

काका आधी चिडले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. आप्पाही हसले. सुहासही हसला. मला तेव्हाच कळलं, हायवे गेला.

रात्रीच्या जेवणाला आप्पांनी विषय काढला. "हायवेला मोठी जाईल."

वहिनी बोंबिलाचा काटा काढत होती. तिने वरही बघितलं नाही. "मला नको. धाकटीला द्या. मी पापडीलाच बरी."

तो गाळा मला असा मिळाला, ताटातलं नको असलेलं शेजारणीला वाढावं तसा.

मी तो चालवला, आणि चांगला चालवला. वसई ते विरार, गाड्या माझ्याकडे यायला लागल्या. पण वहिनीने माझ्यासाठी केवढं सोडलं, हे मला कोणी ना कोणी ऐकवायचंच. सुहास तर हमखास. ते ओझं मी वर्षानुवर्षं वाहिलं. दिवाळीला तिच्यासाठी सगळ्यांत भारी साडी मीच घ्यायचे.

मग वहिनी आजारी पडली. उठणं-बसणं बंद झालं. एका दुपारी तिच्याजवळ मी एकटीच होते, तेव्हा विचारलंच. "वयनी, हायवेचा गाळा तू मला का दिलास?"

तिला आधी आठवेचना. "कुठला? हां, तो होय?" तिने छताकडे बोट केलं. "अगो, तिथं वर पत्रा होता. दुपारचं आडवं व्हायला जागाच नव्हती." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "का? तुला पायजे होता काय तो?"

"हो."

"मंग झालं तर," म्हणाली आणि कुशीवर वळली.

तिच्या तेराव्याला बायका आपसात बोलत होत्या, मोठीने धाकटीसाठी केवढा त्याग केला. मी पंगतीत भात वाढत होते. त्या पत्र्याचं कोणाला सांगितलं नाही. त्याग असता तर मी फेडला असता.