अर्ध्या दिवसाची रजा, कारणासह

एप्रिल, दुसरा सोमवार. ऊन कडक, वारा नाही, आभाळ कोरं.

हवामान लिहायची मला जुनी सवय. लातूर जिल्हा नवा झाला, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि कलेक्टर कचेरीतल्या आमच्या टंचाई शाखेत डायरीच्या कडेला आणखी एक नोंद साठू लागली: आज कोण रडलं.

रडायची जागा ठरलेली होती, मागची रेकॉर्ड रूम. तिथं जुन्या जिल्ह्यातून आलेल्या फायली नव्या लाल कापडात बांधलेल्या. माणूस आत जाई, हाताला येईल त्या कापडानं डोळे पुसे आणि लाल गाल घेऊन बाहेर येई. कापडाचा रंग कच्चा होता! कुणी काही विचारत नसे. शिपाई मगदूमभाई माठातलं अर्धा ग्लास पाणी समोर ठेवत. टंचाईत पूर्ण ग्लास फक्त साहेबांना.

*

टँकरचं काम बघणारा आमचा कारकून गायकवाड मूळचा भोकरचा, मोठा मिशीवाला. टँकर पोचला नाही म्हणून एका गावच्या बायांनी त्याला दिवसभर लिंबाखाली बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो लाल गालांनी बाहेर आला. उजव्या डोळ्यात धूळ गेली म्हणाला.

मगदूमभाई म्हणाले, "मग डावा कशाला रडून राहिला? सोबत म्हणून?"

*

आमचे बिराजदार साहेब उदगीरचे. कपाळावर रोज भस्म, आवाज कधी चढायचा नाही. फायलींचं कापड खराब होतंय म्हणून त्यांनी तोंडी हुकूम काढला. यापुढं ज्याला रडायचं असेल त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकावी, कारण लिहून.

आठवडाभर कुणी रडलं नाही.

*

टायपिस्ट शकुंतलाबाईंची दोन वर्षांची मुलगी अहमदपूरला सासूकडे होती. टंचाईमुळं सुट्ट्या बंद. बाई तीन महिने घरी गेल्या नव्हत्या. अहमदपूरला बदलीसाठी त्यांनी तीनदा अर्ज दिला. साहेब तिन्ही वेळा म्हणाले, "बाई, रडून बदली होत नसते."

चौथ्या वेळी बाईंनी रजेचा अर्ज दिला. कारण: रडणे. हुकूम साहेबांचाच, त्यामुळं मंजूर करावा लागला. रजेचं रजिस्टर माझ्याकडं. मी नोंद घेतली. अर्ध्या दिवसात अहमदपूरला जाऊन येणं होईना, म्हणून बाईंनी ती रजा रेकॉर्ड रूममध्येच घालवली.

*

त्यानंतरच्या गुरुवारी सासूबाई मुलीला घेऊन ऑफिसात आल्या. शकुंतलाबाईंनी हात पुढं केले. मुलगी मागं सरली आणि आजीला म्हणाली, "ही काकू कोन हाय?"

बाई रडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, कागद चढवला आणि टँकरची यादी टाइप करू लागल्या.

साहेब उठून मागं गेले. बऱ्याच वेळानं आले. कपाळावर भस्म, गालांवर लाल. मगदूमभाईंनी त्यांच्यापुढं अर्धा ग्लास ठेवला.

साहेबांनी रजिस्टर मागवून शकुंतलाबाईंच्या नोंदीखाली स्वतः लिहिलं: बिराजदार, अर्धा दिवस. कारण: वरीलप्रमाणे.

जाण्याआधी त्यांनी बदलीच्या अर्जावर शिफारस केली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी शकुंतलाबाई अहमदपूरच्या तहसीलमध्ये हजर झाल्या.