ऑडिटचं रक्त

आमचे हे चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. लातूरकडून आले तेव्हा मशिनवर उभे राहायचे, मग हळूहळू पार्ट तपासायला लागले. आम्ही दिघीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी भोसरीतल्या एका शाळेत सकाळच्या वेळेत शिकवते. इतक्या वर्षांत कंपनीतलं मला फारसं काही कळलं नाही, पण ऑडिट म्हणजे काय ते मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

ऑडिट म्हणजे मोठ्या कंपनीचा माणूस तपासायला येतो तो दिवस. तो येणार हे त्यानंच आधी कळवलेलं असतं. मग आठ दिवस अगोदर जमिनीवरचे, वाट मोकळी ठेवायचे पिवळे पट्टे नव्यानं रंगवायचे, लाल डब्यातले नापास पार्ट टेम्पोत घालून नजरेआड करायचे आणि सगळ्यांना बजावायचं की विचारेल तेवढंच सांगा, आपणहून तोंड उघडू नका. पाहुणा जेवून, शेरा देऊन गेला की दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यांवर ट्रॉल्या उभ्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. हे घरी येऊन रंगवून सांगायचे आणि मीही पोट धरून हसायचे. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांच्या छातीत कळ आली. कंपनीच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं आणि मी शाळेतून पोचेपर्यंत स्टेंट बसलाही होता. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती, तिच्यात ती बारीक जाळी घालून नळी उघडी ठेवली होती. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. मलाही तसंच वाटलं. स्टेंट बसला म्हणजे गोष्ट संपली असं आपल्याला वाटतं, तशी ती माझ्या डोक्यात संपली होती.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई कॉटपाशी येऊन बसल्या. घाई नव्हती त्यांना, हेच मला नवल वाटलं. म्हणाल्या, जाळी बसवली की आतल्या अस्तराला थोडी जखम होते. शरीर ती भरून काढतं. बहुतेकांचं बेतानं भरतं, पण काहींचं गरजेपेक्षा जास्त भरतं आणि नळी जाळीच्या आतूनच पुन्हा अरुंद होते. कुणाची होणार हे आज आम्हाला नक्की सांगता येत नाही. मात्र रक्तात सुजेची काही चिन्हं दिसतात, चरबीचे काही आकडे असतात, त्यांवरून आधीच अंदाज येईल का, याचा आम्ही अभ्यास करतोय. तुम्ही अधूनमधून येऊन रक्त द्याल का?

ह्यांनी लगेच हो म्हटलं. माणूस मुळात दिलदार आहे. त्यात डॉक्टरीणबाई ‘काका’ म्हणाल्या होत्या, मग तर विचारायलाच नको.

मी त्या अभ्यासाचा अर्थ माझ्या पद्धतीनं लावला. मला वाटलं, चला, आता आत काय चाललंय त्यावर कुणाचं तरी लक्ष आहे. छातीला खिडकी पाडता येत नाही, पण रक्ताचा थेंब तरी आत फिरून येतो आणि खरं सांगतो. ह्यांनी काय अर्थ लावला ते मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा घरात नुसता आनंद. हे पहाटे उठून फिरायला जायला लागले. ज्वारीची भाकरी, दुधी, मुगाचं वरण. तंबाखूची पुडी गायब. मी मैत्रिणींना सांगितलं, माणूस सुधारला. रक्त देऊन आलो, थोड्या दिवसांनी फोन आला की आकडे चांगले आहेत. ह्यांनी दोन्ही हात वर करून मला दाखवलं, जसे काही तेच पास झाले. त्यानंतर भाकरी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशाला वडापावच्या तेलाचा डाग. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, चालायचंच.

दुसऱ्या वेळीही तेच. बोलावणं आलं की दुधी, तारीख गेली की वडापाव. एकदा हिरडी सुजून गाल वर आला होता, तर ह्यांनी दवाखान्यात फोन करून गावाकडं कार्य आहे असं सांगितलं आणि तारीख पुढे ढकलली. गावाकडं कसलंही कार्य नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “अगं, सूज असताना रक्त दिलं तर त्यात सूजच दिसल की. रिपोर्ट खराब करून घ्यायचाय का उगं?” मला तेव्हाच काही कळायला हवं होतं असं लोक म्हणतील. म्हणोत. शाळा, स्वयंपाक, पेपर तपासणं, पाण्याची वेळ, यातून माणसाला जेवढं कळतं तेवढं मला कळत होतं.

कळलं ते जिन्यात. आमच्या सोसायटीची लिफ्ट चालू असण्यापेक्षा बंदच जास्त. एका दुपारी मी भाजी घेऊन मागून येत होते, तर हे दुसऱ्या मजल्यावर सोसायटीच्या नोटिसांच्या फळ्यासमोर उभे. फळ्यावर पाणी येणार नसल्याची नोटीस होती आणि ते पाणी केव्हाच येऊन गेलं होतं. पण हे ती नोटीस अशी वाचत होते, जसा काही कोर्टाचा निकाल. एक हात कठड्यावर. कपाळावर घाम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम दार उघडं ठेवून कान दिला. पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि थांबली, बराच वेळ थांबली.

“दम लागतो का?” हे वर आल्यावर मी विचारलं.

“न्हाई. नोटीस वाचायलो होतो.”

“छातीत काही होतं का?”

“रिपोर्ट बघितलास ना तू? ओके हाय सगळं. कामून डोकं खायलीस?”

त्या क्षणी मला लख्ख दिसलं. भाकरी, पुडी, हिरडी, खोटं कार्य. हा माणूस स्वतःच्या रक्ताचंही ऑडिट उरकत होता. मी औषधांचा डबा ओढला. रक्त पातळ ठेवायची गोळी नेमानं संपत होती, तेवढं तरी नशीब. चरबीच्या गोळीची पाकिटं मात्र जवळजवळ तशीच. त्या गोळीनं पाय दुखतात आणि शिफ्टभर उभं राहवत नाही, म्हणून ती फक्त तारखेच्या आधी घ्यायची, हे ह्यांनी तेव्हा कबूल केलं. मला इतका संताप आला की हातातली मेथी मी टेबलावर आपटली. लाल डब्यातला माल टेम्पोत भरून पाठवता येतो, पण छातीतला कुठे पाठवणार? असं मी ओरडून म्हटलं. शेजारच्या घरात टीव्हीचा आवाज कमी झाला, म्हणजे त्यांनीही ऐकलं.

हे बूट काढून बाजूला नीट लावत बसले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि ह्यांना घेऊन दवाखान्यात गेले. रस्ताभर हे मला पढवत होते. बाईंनी विचारलं तर थोडी दगदग होते म्हण. जिन्याचं काढू नकोस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, चालताना, चढताना छातीत काही?” हे म्हणाले, “न्हाई, तसं काय न्हाई.” मग मी बोलले. सगळं बोलले. दुधीपासून नोटिशीपर्यंत. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बाहेरच्या माणसासमोर घर उघडं टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत मागे टेकल्या. आधी त्या थकलेल्या दिसल्या, मग म्हणाल्या, “आठ दिवसांच्या पथ्यानं आकडे किती हलले असतील मी सांगू शकत नाही. कदाचित थोडेच. पण काका, रक्तावरून आम्ही अजून अंदाजच बांधतोय. पुरावा म्हणजे तुमचं दुखणं होतं. ते आहे का विचारलं की तुम्ही दर वेळी नाही म्हणालात.” पुढे म्हणाल्या, “आणि आम्हाला तुमच्या रोजच्या दिवसाचं रक्त हवं होतं. तुमच्यासारखे कितीतरी लोक आहेत. त्यांना पुढेमागे याचा उपयोग होणार होता.”

हे मान खाली घालून म्हणाले, “ऑडिटला असंच करतेत बाई.” त्या चाकणच्या नव्हत्या, त्यांना ते समजलं नाही. मला समजावूनही सांगवलं नाही.

त्याच दिवशी ह्यांना दाखल करून घेतलं. नळीत तार घालून, आत काय झालंय ते पडद्यावर बघायचं होतं. ह्यांचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ह्यांच्या अंगात तो हिरवा झगा, पायात घरची चप्पल. मी इतकी दमले होते की भीतीसुद्धा नीट वाटत नव्हती. मला फक्त एक जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं, कंपनीत साहेबाला फसवता, कारण नोकरी आहे. इथे कुणाला फसवत होता? कशासाठी?

हे पायातली चप्पल हलवत राहिले.

“तुला आठवत नसल,” ते म्हणाले. “पहिला रिपोर्ट चांगला आला त्या दुपारी तू झोपलीस. शाळेतून आलीस, फोन झाला, आन् तिथंच चटईवर आडवी. पार घोरायला लागलीस. मला अटॅक आल्यापास्नं तू झोपलीच नव्हतीस. पडून राहायचीस, पर मला कळायचं, जागी हाय. माझ्या छातीवर हात ठेवून बघायचीस, चालू हाय का ते. त्या दिशी मी खुर्चीत बसून बघत होतो तुला. म्हटलं, रिपोर्ट चांगला आला की ही झोपती. मग रिपोर्ट चांगलाच आणायचा.”

एवढ्यात आतून ह्यांना बोलावलं आणि हे उठून गेले.

मी बाकावर तशीच बसले. लोकांना वाटेल मला भरून आलं असेल. आलं, पण नंतर. आधी राग आला, आणि तो असा की कुणावर काढावा तेच कळेना. माझ्या एका दुपारच्या झोपेसाठी ह्या माणसानं आतल्या आत नळी बुजत जाऊ दिली. मी कधी मागितली होती का ती झोप? मग आठवलं की ती झोप किती गाढ होती. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ह्यांनी स्वतः चहा ठेवला होता. किती बरं वाटलं होतं मला. ते आठवलं आणि मग मी रडले.

नळी जाळीच्या एका टोकाला पुन्हा अरुंद झाली होती. ती त्यांनी फुग्यानं उघडली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले.

हे आता चरबीची गोळी घेतात. डॉक्टरीणबाईंनी ती बदलून दिली, पाय कमी दुखतात. तंबाखू सुटली असं मी म्हणणार नाही, पण ती लपवून खाणं मात्र सुटलं आहे. अभ्यासासाठी रक्त द्यायला अजून जातो, तारीख येईल त्या दिवशी, हे असतील तसे.

मागच्या महिन्यात सुजेचा आकडा वाढलेला आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं लगेच काही नाही, यावरून पक्कं काही म्हणता येत नाही, लक्ष ठेवू, त्रास झाला तर मात्र त्याच दिवशी या. मी मान हलवली. चेहरा सरळ ठेवायचा मी खूप प्रयत्न केला. हे त्या कागदाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर रस्ता ओलांडायला आम्ही उभे राहिलो. कंपन्यांच्या बसेस एकामागून एक जात होत्या.

“आता तू झोपणार न्हाईस,” हे म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं. “पण खरं सांगत जा.”

ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. थोड्या वेळानं म्हणाले, “आत्ता जरा दुखायलंय.” मी रस्ता ओलांडला नाही. ह्यांचा हात धरला आणि दवाखान्याकडे परत वळले.