वाइन म्हणजे दारू नव्हे

आमच्या ह्यांना कॅलिफोर्नियाचा कोण अभिमान! कधी पाऊल ठेवलं नाही हो तिथं. पुण्याहून इंग्लंडात लीड्सच्या हॉस्पिटलात आले आणि तिथंच रिटायर झाले. पण सुरुवातीच्या वर्षांत एका गोऱ्या सिनियर डॉक्टरकडे जेवायला जाताना त्यांनी हौसेनं कॅलिफोर्नियाची वाइन नेली. तो लेबल बघून हसला. "अमेरिकन? स्वयंपाकात घालू." झालं! तो आपल्यालाच हसला, हे त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

मग पुस्तकं आणून वाचायला लागले. पाहुणे आले की कथा सुरू. तिकडे सरकारनं दारूबंदी केली, कितीतरी मळे उपटले गेले, चर्चसाठी म्हणून थोडी वाइन तेवढी होत राहिली. बंदी उठली तोवर जाणती माणसंच फारशी उरली नव्हती. पुढं कित्येक वर्षं गोडमिट्ट, स्वस्त माल निघाला आणि नाव खराब झालं. मग पॅरिसमध्ये लेबलं झाकून चव घेतली, तर फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाला पहिला नंबर दिला! इथं ह्यांचा आवाज असा चढायचा, जणू सख्खा भाचाच बोर्डात आलाय. घरीही बाटल्यांना माझे लोकरीचे मोजे चढवून पाहुण्यांना ओळखायला लावायचे. वर मलाच, "धुतलेत ना गं?"

कधी म्हटलं, "अहो, दारू जरा कमी करा," की चिडायचे. "दारू गुत्त्यात मिळते. ही वाइन आहे." मी जेमतेम मॅट्रिक, डॉक्टरशी काय वाद घालणार? मीही तसंच म्हणायला शिकले. पुढं पाहुणे कमी झाले, बाटली मात्र रोजची झाली.

गेल्या हिवाळ्यात हे जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती, इथंच जन्मलेली, आईवडील ठाण्याचे. मला बघून मुद्दाम मराठीत बोलली. "आजी, आजोबा दारू पिते का?"

मला त्या 'पिते'चंच हसू आलं. "छे गं बाई, दारूला शिवत नाहीत."

हे पलंगावरून ऐकत होते. ती का विचारतेय, ते त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. ते गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. घामानं चादर भिजली. पडद्यावर मुंग्या चढताहेत म्हणाले, मला सिस्टर म्हणून हाका मारू लागले. मग आकडीचा झटका आला. पडद्याबाहेर त्या मुलीनं मला विचारलं, ह्या वेळी इंग्रजीत. "वाइन? बिअर? एनीथिंग?"

"वाइन," मी म्हटलं. "रोज एक बाटली. शनिवारी दोन."

तिचा चेहरा उतरला. "आजी, मी तेच विचारला होता."

रोजची सवय एकाएकी तुटली की शरीर असं उलटतं म्हणे. आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासूनच औषध सुरू केलं असतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

औषधानं झटके थांबले, पण छाती भरली. एका दुपारी नीट शुद्धीवर आले.

"काय सांगितलंस त्यांना?"

"दारू पितात म्हणून."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर चारच दिवस जगले. नर्सशी बोलले, मुलाशी फोनवर बोलले. माझ्याशी नाही.