सासूबाईंच्या गुडघ्यांवरचा पलंग

निवृत्त झाल्यावर आमच्या हिने दागिने केले नाहीत, परदेशवारी केली नाही. एक जुनी व्हॅन विकत घेतली. नाक गोल, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, आणि उभं आयुष्य रुग्णवाहिका म्हणून घालवलेली. दोन हात रंग मारूनही पुढची उलटी अक्षरं खालून डोकावत होती. ती वारज्यातल्या आमच्या सोसायटीत येऊन उभी राहिली त्या सकाळी शेजारी चेहरे पाडून जिना चढून आले. दार मीच उघडलं, तेव्हा त्यांचा जरा विरस झाला.

"कोणाला न्यायचंय?" सोसायटीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"आम्हालाच," ही म्हणाली. "आम्ही तिच्यात झोपणार आहोत."

"का? फ्लॅट सोडताय?" त्यांच्या आवाजात आशा होती.

हिचा बेत साधा होता. आत एका भिंतीला बिजागऱ्यांवर फळी लावायची. दिवसा ती भिंतीलगत खाली लोंबेल, झोपताना वर उचलून आडवी करायची, की झाला पलंग. फळीला खालून आधार द्यायला दोन घडीचे ब्रॅकेट हवे होते, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी आयुष्यभर कसबा पेठेतल्या एका कारखान्यात कॅलिपर केले. पोलिओने अधू झालेल्या पायाला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे लावतात, ते कॅलिपर. त्यामुळे लोखंडाचं काही वाकवायचं असलं की घरात सगळे माझ्याकडे बघतात.

पहिल्यांदा मी दुकानातून तयार ब्रॅकेट आणले. दुकानदार फळ्या लावायला देतात ते. पण ते सरळ भिंतीसाठी असतात. व्हॅनची भिंत वर जाताना आत झुकते, त्यामुळे पलंगही बाहेरच्या बाजूला उतरता झाला. तरी मी चाचणीसाठी आडवा झालो. ही दाराशी चहा घेऊन उभी होती. ताटातली आमटी उताराकडे जावी तसा मी हळूहळू कडेकडे निघालो. मग पातळ पत्र्यातले स्क्रू एकेक करून सुटले आणि मी फळीसकट खाली आलो.

"लागलं का?" हिने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत म्हणाली, "फळीला काही झालं नाही ना?"

अध्यक्ष खालून चालले होते. ते म्हणाले, "आहात त्याच गाडीत थांबा, सोयीचं पडेल."

मग मी ब्रॅकेट स्वतःच करायला घेतले. पत्र्यामागच्या फासळ्यांना जाड पट्ट्या जोडल्या, भिंतीच्या झुकावाइतक्या पाचरी घातल्या. पलंग सपाट झाला. अडलं ते सांध्यापाशी. खालचा तिरका आधार मध्ये दुमडला पाहिजे आणि सरळ झाल्यावर अडकून बसला पाहिजे. मी एक आकडा बसवला. तो असा अडकला की पलंग मिटेचना. त्या आठवड्यात मागच्या दारापर्यंत जायला हिला पलंगाखालून रांगत जावं लागे, आणि रांगताना ती माझ्या कारागिरीबद्दल जे बोलायची ते मी मुद्दाम ऐकलं नाही.

सासूबाई आमच्याकडेच असतात. पंच्याऐंशीच्या घरातल्या. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून एका पायात कॅलिपर. आमचं लग्न त्या कॅलिपरमुळेच झालं. ही आईला घेऊन कारखान्यात आली होती; माझा पहिला कॅलिपर मांडीला टोचायचा, म्हणून त्या दोघी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, "यांनी एकदाच काम नीट केलं असतं, तर हे जावई झाले नसते."

पलंग अडकून बसला होता त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या जेवायला बसत होत्या. बसताना त्यांनी गुडघ्याजवळची कडी वर ओढली, पाय वाकला. जेवून उठल्या, पाय सरळ केला, कडी आपल्या वजनाने खाली घसरून सांध्यावर बसली. टक. हा आवाज मी हजारो वेळा ऐकला होता. त्या दिवशी मी भात तसाच टाकून माळ्यावर चढलो.

माळ्यावर त्यांचा जुना कॅलिपर होता. एका कॅलिपरला गुडघ्याचे दोन सांधे, मला हवे होते तेवढेच. मी तो घेऊन खाली उतरलो तर समोर सासूबाई.

"माझा पाय घेऊन कुठे निघालात?"

"आई, हा जुना आहे."

"जुनी मीपण आहे. मलाही गाडीला लावणार का?"

मी सांगितलं कशासाठी हवाय. त्यांनी ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाल्या, "न्या. पण पाय माझा, तर पलंगही माझा."

हिला हसू आवरेना. मला वाटलं, म्हातारीची थट्टा चाललीय.

कारखान्यात जुने सांधे पट्ट्यांना जोडून घेतले, गाडीत बसवले आणि पलंग उचलला. दोन्ही कड्या खाली बसल्या. मी त्यावर बसलो, झोपलो, उड्याही मारल्या. हलला नाही. पण सासूबाईंनी खरंच तपासणी केली. बसल्या, कॅलिपरचा पाय सरळ ठेवून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "चार बोटं वर घ्या." मी सगळं उतरवून पुन्हा भोकं पाडली. परत बसल्या. "आता एक बोट खाली." तेव्हा मी जे पुटपुटलो ते त्यांना ऐकू आलं नसावं. आलंही असेल.

पहिल्या प्रवासाला आम्ही भोरच्या पुढे धरणाच्या काठी गेलो. पलंगावर सासूबाई, खाली गादीवर ही, आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर, स्टिअरिंग पोटात घेऊन. सकाळी मान धरलेल्या अवस्थेत मागे आलो, तर सासूबाई एकट्याच उठून बसलेल्या. दार उघडं होतं आणि त्या पाण्याकडे बघत होत्या.

"मला कुणाकडे जायला आवडत नाही असं मी सांगते ना," त्या म्हणाल्या, "ते खोटं आहे. लोकांचे पलंग बुटके असतात. उठवायला दोन माणसं लागतात. मग ती माणसं चहा देताना पण ओझं उचलल्यासारखी बघतात. म्हणून जाणं सोडलं."

त्यांच्या पायाचं माप मला तोंडपाठ होतं, मांडीपासून टाचेपर्यंत. हे मात्र माहीत नव्हतं. मी विचारलं, "उंची बरोबर आहे ना आता?"

"नसती तर हे सांगितलं नसतं," त्या म्हणाल्या. मग, "हा रस्ता पुढे कोकणात उतरतो ना?"

"आपण आज परत जाणार आहोत, आई."

"तुम्ही जा. तुम्हाला एसटी मिळेल."

हिने तोवर गादी गुंडाळली होती आणि किल्ली घेतली होती. मी कड्या वर ओढून पलंग मिटवला. कोकणात उतरणाऱ्या घाटात प्रत्येक वळणाला तो भिंतीवर आपटत होता, आणि सासूबाई मागून मला गाडी हळू चालवायला बजावत होत्या. गाडी ही चालवत होती.