सकाळी सातची हजेरी

आमच्या वन्संइतकी सुट्टी वाईट घालवणारी बाई अख्ख्या नाशकात दुसरी सापडायची नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पस्तीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या आणि त्यातली निम्मीअधिक ट्रंक कॉल जोडण्यात गेली. कानाला हेडफोन लावून 'बोला, मुंबई बोला' म्हणता म्हणता त्यांचा घरातला आवाजही तसाच होऊन गेला होता. दारावर आलेल्या भाजीवालीला त्या 'होल्ड करा' म्हणायच्या आणि पिशवी आणायला आत जायच्या. कोणाचं नाव सांगायचं झालं की अक्षरं सुटी करून सांगायच्या, कारण खराब लाइनवर तसंच सांगावं लागे. माझ्या लग्नात भटजींनी नवरीचं नाव दोनदा विचारलं, तेव्हा ह्या मांडवातून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुरगाण्याचा सु, धुळ्याचा ध, त्याला काना!" भटजींनी मुकाट्याने पुढचा मंत्र धरला.

अशा बाईला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, अठ्ठावन्न पूर्ण झाल्याबरोबर, सरकारने घरी बसवलं. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला आणि साहेबांनी भाषणात 'आता नातवंडांत रमा' असा सल्ला दिला. वन्सं उत्तराला उभ्या राहिल्या. "रमेन की," त्या म्हणाल्या, "पण नातवंडं पुण्याला, आणि तिथेही दिवसभर शाळेत असतात. तेव्हा काय करू ते साहेबांनी सांगितलं नाही." सगळे हसले. वन्संना उत्तर खरोखरच हवं होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिले सहा महिने त्याची झळ आम्हाला लागली. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा पुण्याला, आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ह्या एकट्या. सकाळी इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पर्स लावून त्या सवयीने बाहेर पडत आणि जायला ऑफिस नाही म्हणून कॉलेज रोडला आमच्याकडे येत. आमची किल्ली त्यांच्याकडे असायची. मी शाळेत शिकवायला जायची. परत येऊन बघते तर स्वयंपाकघरातले सगळे डबे अक्षरांच्या क्रमाने लावलेले. गव्हापाशी गूळ आणि चहापाशी चणाडाळ. महिनाभर मी माझ्याच घरात जिरं शोधत होते. आमचा फोन वाजला की त्या उचलायच्या आणि माझ्या नवऱ्याला बँकेतून आल्यावर निरोपांचा कागद द्यायच्या. त्यात कोणी किती मिनिटं बोललं तेही असायचं.

मुलगा आईवर जीव टाकणारा. त्याने पुण्यात घर घेतानाच आईची म्हणून एक खोली ठेवली होती. पूर्वेची खिडकी, भिंतीत देव्हारा, नवीन आरामखुर्ची. सगळ्यांच्या आग्रहाखातर वन्सं गेल्या आणि एकोणिसाव्या दिवशी एसटीने परत आल्या. मी विचारलं, "काय झालं हो? सून काही बोलली का?"

"नाही गं, फार चांगली आहे ती. चहासुद्धा करू देत नाही. सकाळी म्हणतात आराम करा, दुपारी म्हणतात आराम करा. दमल्याशिवाय आराम करायचा कसा, हे मला येत नाही."

मुलाचं मन दुखावलं. तो माझ्या नवऱ्याला फोनवर म्हणाला, "मामा, लोक म्हणतील मुलाने आईला ठेवली नाही. आणि मी तर खोली रंगवून बसलोय." त्यानंतर बरेच महिने मायलेकांमध्ये 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' याच्या पुढे बोलणं गेलं नाही. वन्सं ते दाखवत नसत, पण त्या काळात त्या आमच्याकडे दिवसाआड नाही, रोज येऊ लागल्या होत्या.

मग त्यांना काम मिळालं. गंगापूर रोडला सकाळी फिरायला जाताना त्यांची एका गृहस्थांशी ओळख झाली. ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बायको गेलेली, दोन्ही मुलगे परदेशात. एकदा ते सहज म्हणाले, "काल दिवसभरात माझ्याशी एकच माणूस बोलला. दूधवाला. तोही 'अर्धा का एक' एवढंच." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांच्या घरी फोन वाजला. "उठलात का? चहा झाला? ठीक. ठेवते." इंजिनिअरसाहेबांना वाटलं राँग नंबर. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओळखलं आणि चौथ्या दिवशी आपल्या एका एकट्या राहणाऱ्या मित्राचा नंबर दिला.

वर्षभरात वन्संच्या वहीत तेवीस नावं झाली. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंतची सगळी एकटी म्हातारी माणसं. सातला सुरुवात, आठच्या आत शेवट. नियम कडक होते. सहाव्या घंटीच्या आत फोन उचलायचा. दुखणं एकदाच सांगायचं. सुनेबद्दलची तक्रार फक्त शनिवारी. गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी रजा टाकायची. एक निवृत्त मामलेदार पहिल्यांदा फार संतापले. "मला उठलात का विचारणाऱ्या तुम्ही कोण?" असं म्हणून त्यांनी फोन आपटला. आठवडाभराने मी काही कामासाठी सकाळी त्यांच्या घरी गेले, तर मामलेदार दाढी करून, स्वच्छ सदरा घालून फोनपाशी बसलेले. मला म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, माझा फोन यायचाय."

एका रविवारी सव्वासातला वन्संनी मला उठवलं. "सुधा, इंजिनिअरसाहेब फोन उचलत नाहीत. तीनदा केला. त्यांचं घर तुला जवळ आहे, तू पुढे हो. मी रिक्षाने निघते." मी गाऊनवर ओढणी घेऊन धावले. दार आतून बंद. शेजारचे म्हणाले, "रविवार आहे वहिनी, झोपले असतील." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. वन्संनी उगीच धावपळ लावली असं म्हणत मी दोन पायऱ्या उतरलेही. तेवढ्यात वन्सं आल्या. जिना चढून धापा टाकत होत्या. शेजाऱ्यांना म्हणाल्या, "हा माणूस सात वाजता झोपणारा नाही. रजाही टाकलेली नाही. दार फोडा." शेजारी घुटमळले. "फोडा म्हणते ना! झोपलेले निघाले तर नवीन दार मी बसवून देईन."

इंजिनिअरसाहेब न्हाणीघरात पडले होते. पाच वाजल्यापासून. खुब्याचं हाड मोडलेलं, अंग गारठलेलं, पण शुद्ध होती. आम्हाला बघून ते हळू आवाजात म्हणाले, "मी घंट्या मोजत होतो. म्हटलं, आता कोणीतरी येईल." वन्संनी त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि रागावून म्हणाल्या, "मग ओरडायचं नाही का जोरात!" आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ डोळे पुसत राहिल्या. परत फिरायला निघालेल्या माझ्या त्या दोन पायऱ्यांबद्दल मी त्यांना कधी सांगितलं नाही.

इंजिनिअरसाहेबांचे मुलगे परदेशातून येईपर्यंत आठ दिवस वन्संनी दवाखान्यात डबा पोचवला. ही बातमी नातेवाइकांमार्फत, पुरेसं तिखटमीठ लावून, पुण्याला गेली आणि वन्संचा मुलगा तडक नाशकात आला. वन्संनी आम्हालाही बोलावून घेतलं होतं, बहुधा आधाराला. तो सकाळी त्यांच्यासमोर चहाचा कप घेऊन बसला. भांडायच्याच तयारीने आला होता. पण सात वाजले. वन्संनी बोटाने 'थांब' अशी खूण केली आणि एकामागून एक फोन सुरू झाले. तो ऐकत राहिला. कोणाला गोळी घेतली का, कोणाला पातळ भात खा, कोणाला वाढदिवसाचा नमस्कार. कपातला चहा निवला. फोन संपल्यावर तो म्हणाला, "आई, ह्या लोकांना मुलं नाहीत का?"

"आहेत की. तुझ्यासारखीच आहेत. गुणी आहेत."

"मग ती फोन करत नाहीत?"

"करतात. रविवारी करतात. सोमवारी पण माणूस उठतोच ना रे."

त्याने निवलेला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आणि तुला कोण विचारतं, उठलीस का म्हणून?"

वन्संनी वही पुन्हा उघडली. नुसती पानं उलटत राहिल्या.

"उद्यापासून मी करतो," तो म्हणाला.

"सातच्या आधी कर हं," त्या म्हणाल्या. "नंतर माझी लाइन बिझी असते."

त्याने पुढे दहा वर्षं रोज पावणेसातला फोन केला. खोलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. इंजिनिअरसाहेब वॉकर घेऊन चालू लागले तेव्हा त्यांनी निम्मी यादी आपल्याकडे मागून घेतली. वहीतली नावं वयपरत्वे गळत गेली, नवी येत गेली, घरोघरी मोबाइल आले. आणि ऐकू कमी येऊ लागल्यावर वन्संनी लपवाछपवी केली नाही. एका सोमवारी सगळ्यांना सांगून टाकलं, "माझा कान गेला. उद्यापासून मामलेदार करतील." महिन्याभराने त्यांनी स्वतः मुलाला फोन करून विचारलं, "ती खोली आहे का अजून?"

गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला पुण्याला गेले. मलाही शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो. खाली सोसायटीतली मुलं आकाशकंदील टांगत होती. वन्संनी विचारलं, "मग, तू काय ठरवलंयस?"

"कशाचं?"

"तुझं. इथून पुढचं."

मी सांगू लागले, मुलगी हैदराबादला या म्हणते, ह्यांना नाशिक सोडायचं नाही, मला शिकवण्या घ्याव्याशा वाटतात, बघू. त्यांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला. मग मला जोरात, समोरच्या गॅलरीतल्या माणसांनीही वळून बघावं इतक्या जोरात सांगावं लागलं, "अजून काहीच ठरवलं नाही, वन्सं!"

त्यांनी मान डोलावली. "घाई नको. पण ठरव तुझं तू," म्हणाल्या आणि माझा हात आपल्या हातात घेतला. सुरकुतलेला, हलका हात. तीस वर्षांत आम्ही दोघी पुष्कळ बोललो, थोडं भांडलोही, पण त्यांनी असा माझा हात कधी धरला नव्हता. खाली एकेक कंदील लागत गेला, सून दिवे लावायला आत-बाहेर करत राहिली, आणि मी तो हात सोडवून घेतला नाही.