काचनळीतलं पाणी

रेल्वेत इंजिनिअर म्हणून माझी तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची सहा कोलकात्यात. रिटायर व्हायला चारेक महिने उरले असताना एक फार जुनं वाफेचं इंजिन माझ्या हवाली झालं. समारंभासाठी ते पेटवून शेडच्या आवारात फिरवायचं होतं. मी लगेच हो म्हटलं. कामाला घाबरणं मला कधी जमलंच नाही.

चालवायला बराकपूरहून एक म्हातारे रिटायर्ड ड्रायव्हर बोलावले. वाफेची इंजिनं बंद झाल्यापासून त्यांनी रेग्युलेटरला, म्हणजे वाफ सोडायच्या दांड्याला, हात लावला नव्हता. "मरायच्या आधी एकदा, दीदी," एवढंच ते फोनवर म्हणाले होते.

समारंभात मी झकास भाषण ठोकलं. पहिल्या इंजिनवाल्यांना शिकायला पुस्तकं नव्हती, फुटलेले बॉयलर होते. एकेक नियम कुणाच्या तरी जिवाच्या मोलाने शिकला गेला, वगैरे. टाळ्या पडल्या. वाफ तयार होती.

ड्रायव्हरदादा चढले, पण बसले नाहीत. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीकडे बघत राहिले.

"दीदी, पाणी किती?"

"निम्म्याच्या वर. मी स्वतः बघितलंय."

"बघितलंत. सोडून बघितलंत?"

नव्हतं. त्यांनी खालची तोटी उघडली, नळी रिकामी झाली. तोटी बंद केली, तर पाणी पुन्हा चढेचना. बॉयलरकडून येणारी वाट गाळाने बुजली होती. आत पाणी किती, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खाली आग धडधडत होती. पाणी कमी असलं तर बॉयलर फुटणार.

"आग काढा," मरायच्या आधी एकदा चालवायला आलेल्या दादांनीच सांगितलं.

मला स्वतःचा भयंकर राग आला. शेजारी उभे असलेले माझे साहेब कुजबुजले, "तांत्रिक कारण म्हणा." मी माईक घेतला आणि सांगितलं, चूक माझी आहे, आज इंजिन हलणार नाही. दादा हात पुसत लोकल पकडायला निघाले तेव्हा मात्र मला रडू आलं.

आता इंजिन कायमचं चौथऱ्यावर चढवा, असं वरून आलं. मी दोन महिने भांडले. माझ्या शेवटच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा चालवायची परवानगी मिळाली. दादांना परत बोलावलं.

त्या सकाळी मी नळी तीनदा सोडून बघितली. तिन्ही वेळा पाणी झर्रकन वर आलं.

"बसा दादा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि चौथ्यांदा स्वतः सोडून बघितलं. मग बसले.