गोधडी उचलून पाहणाऱ्या डॉक्टरताई

डॉ. शैलजाताईंना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्या प्रसूतीच्या टेबलावर निपचित पडल्या होत्या आणि त्यांची साडी लालभडक भिजली होती. नर्सिंगची पदवी घेऊन, आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून, मी त्या सकाळी नारायणगावाजवळच्या रुग्णालयात रुजू व्हायला आले होते. एक सिस्टर इंजेक्शन शोधत एकेक कपाट उघडत होत्या. तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, "शोधा, सावकाश शोधा. मी तर गेलेच आहे!"

"मॅडम, मेलेल्या बाईनं येवढं बोलू नाय," वॉर्डातल्या रशीदामावशी म्हणाल्या.

ते बीटाचे पाणी होते. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव झाला तर कोणी काय करायचे, याची तालीम चालली होती. सगळे हसले. ताई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "खरी बाळंतीण असती, तर बाहेर तिच्या आईला काय सांगितलं असतंत?" त्याच दिवशी सगळी इंजेक्शने, सलाईन, नळ्या एका पेटीत भरून टेबलाशेजारी आल्या. पेटीला कुलूप लावायचे नाही, अशी ताईंची सक्त ताकीद होती.

बाळंतिणीखाली चादरही पांढरीच हवी, हा त्यांचा हट्ट. डाग निघत नाहीत, अशी आमची कुरकुर. "डाग दिसावा म्हणूनच पांढरी," एवढेच त्या म्हणत.

गेल्या वर्षी माझ्या वहिनी तिथेच बाळंत झाल्या. महाळुंगे पडवळहून आलेल्या माझ्या आईने त्यांना घरची गोधडी गळ्यापर्यंत पांघरली. आम्ही बाळाभोवती जमलो होतो. ताई फेरीवर आल्या आणि त्यांनी आधी गोधडी उचलली. खालची चादर रक्ताने भिजून गेली होती.

"अवो, बाळंतपणाची घाण हाय ती. जाऊ द्या की सगळी," आई म्हणाली.

"मावशी, सून चाललीय तुमची!" ताईंचा हात तोवर वहिनींच्या पोटावर गेलाही होता. "पेटी!"

पेटी हाताशीच होती. इंजेक्शन गेले, सलाईन लागले. ताई पोट चोळत राहिल्या. गर्भाशय आवळेना. मग आवळले, आणि रक्त थांबले. वहिनी वाचल्या. मला अजून धक्का बसतो तो एकाच गोष्टीचा: एवढे रक्त गेले, आम्ही सगळे खोलीत होतो, आणि वहिनींनी साधी हाकसुद्धा मारली नव्हती.

ताईंनी आईला बोल लावला नाही. तिला चहा दिला, शेजारी बसवले. "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता गावात तुम्ही सांगा." आई सांगते. ज्या घरी बाळंतीण असेल तिथे जाऊन, न विचारता सांगते, की पांघरूण उचलून रक्त बघत जा.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होताहेत हे कळल्यावर आई म्हणाली, "माजं आयुष्य लागू दे त्यांना." पण ताई, दुसऱ्या कुणाचे आयुष्य घेणे तुम्हाला मुळीच चालणार नाही, हे मी तिला सांगितले आहे. तेव्हा तुमचे स्वतःचेच आयुष्य उदंड असो, निरोगी असो. आईला आणि तिच्या सुनेला अजून पुष्कळ वर्षे तुम्हाला भेटायला यायचे आहे.